हीव वाजतंय गं!

निरगुडसरला पौषात भल्या सकाळी कांद्याच्या लागणीला निघालेली आजी म्हणते, ‘हीव वाजतंय गं!’ शाळकरी नात फिदीफिदी हसते, ‘थंडी म्हण ना!’ बायांनो, यात हसण्यासारखं काय आहे? संस्कृत ‘हिम’चं झालं हीव, त्याला काळ जोडला की हिवाळा, जसा उष्णकाळाचा उन्हाळा. हिमालयातलं हिम तेच. रशियात हिवाळ्याला ‘झिमा’ म्हणतात, तोही याच जुन्या कुळातला शब्द. इंग्रजी ‘विंटर’ मात्र वेगळ्या घरचा. एवढं थोरलं गणगोत असलेलं आपलं हीव आता छापलेलं दिसतं ते मलेरियाच्या पाटीवर, ‘हिवताप’ म्हणून! आजीचा शब्द गावंढळ नाही, हे लेकीबाळींना आपण नाही सांगायचं तर कोणी? आज रात्री गोधडी ओढताना म्हणा की, हीव भरलंय.