झिजलेला रुपया आणि पानिपतचा मोह

पानिपतच्या पराभवाची वार्ता पेशव्यांकडे नेणाऱ्या प्रसिद्ध सांकेतिक पत्रात मृतांचा हिशोब सराफी भाषेत दिलेला आहे. मोती म्हणजे विश्वासराव व भाऊसाहेब, मोहरा म्हणजे नामांकित सरदार, आणि रुपये व खुर्दा म्हणजे ज्यांची मोजदादच होऊ शकली नाही असे सामान्य लोक. या रूपकाची पकड मराठी मनावर इतकी घट्ट आहे, की पानिपतच्या मातीतला म्हणून एखादा गुळगुळीत रुपया समोर आला की तो 'भाऊसाहेबांच्या खजिन्यातला' ठरविण्याची घाई होते. ही घाई स्वाभाविक असली तरी शास्त्रशुद्ध नव्हे.

पानिपतावर १५२६, १५५६ व १७६१ अशी तीन युद्धे झाली. तेव्हा रुप्याचे नाणे कोणत्या काळाचे, हा प्रश्न तेथे आधीच तिपेडी होतो. पहिला निवाडा तराजू करतो. बाबराची शाहरुखी पातळ, पसरट व पाच ग्रॅमपेक्षाही हलकी. शेरशहापासून रूढ झालेला रुपया मात्र साडेअकरा ग्रॅमच्या आसपास भरतो. दुसरा निवाडा अक्षरांचा. सूर सुलतानांच्या आणि अकबराच्या आरंभीच्या रुपयांवर कलमा असे. औरंगजेबाने तो नाण्यांवरून काढला. म्हणून संपूर्ण कलमा ओळखू आला, तर ते नाणे अठराव्या शतकातील मोगली रुपया नव्हे, हे निश्चित होते. झीज मात्र वयाची साक्ष देत नाही. ती केवळ नाणे किती हातांतून फिरले, एवढेच सांगते.

खरी अडचण यानंतर सुरू होते. ठसा नाण्याच्या चकतीपेक्षा मोठा असल्यामुळे टांकसाळीचे नाव अनेकदा मुळातच अर्धवट उमटे. त्यावर सराफांचे परीक्षेचे छाप आणि वापराची झीज. उरलेल्या दोन-चार अक्षरांवरून शाहजहानाबाद, म्हणजे दिल्ली, असे वाचता आले तरी राजा कोणता, हे ठरतेच असे नाही. नोव्हेंबर १७५९ मध्ये दुसऱ्या आलमगिराचा वध झाला. पुढच्याच महिन्यात वजीर गाजीउद्दीनाने तिसऱ्या शाहजहानला तख्तावर बसविले, तर बिहारमध्ये शाहआलमने स्वतःस बादशहा म्हणवून घेतले. १० ऑक्टोबर १७६० रोजी भाऊसाहेबांनी शाहजहानला दूर करून दिल्लीत शाहआलमची द्वाही फिरविली. दोघांचेही जुलूस वर्ष पहिले, आणि १३ ऑगस्ट १७६० पासून हिजरी सन ११७४. म्हणजे '११७४' आणि 'अहद' हे दोन्ही अंक-शब्द स्वच्छ वाचले तरी बादशहाच्या नावातील एक तरी अक्षर हाती लागल्यावाचून निर्णय होत नाही.

याच ऑगस्ट महिन्यात भाऊसाहेबांनी दिवाण-इ-खासचे रुप्याचे छत काढून त्याचे रुपये पाडले. त्यांची रक्कम सामान्यतः नऊ लाखांच्या आसपास सांगितली जाते. उपाशी फौजेला त्यावर फार दिवस काढता आले नाहीत. या रुपयांवर भाऊंचे किंवा पेशव्यांचे नाव शोधणे व्यर्थ आहे. मराठे उत्तरेत बादशहाच्याच नावाने नाणे पाडीत. त्यामुळे मुद्रालेख पूर्ण वाचला गेला तरी ती चांदी त्या छताचीच होती, हे तो लेख सांगू शकत नाही. 'दिल्ली टांकसाळ, हिजरी ११७४' येथवर पुरावा नेतो. त्यापुढे कल्पना नेते.

भारतीय साहित्याच्या अभ्यासकाला हा भेद परका वाटू नये. खंडित पोथीचा संपादक गळलेली अक्षरे कंसात घालतो, आपली पूर्ती मूळ पाठात मिसळत नाही. नाण्याच्या वाचकानेही दिसलेले अक्षर आणि अनुमानलेले अक्षर वेगळे लिहावे. संग्रहालयातील चिठ्ठीवर 'टांकसाळ अवाचनीय' असे लिहिणे हा पराभव नव्हे. तो प्रामाणिक पाठ आहे.

मराठी इतिहासाने या मोहाची किंमत एकदा मोजलेली आहे. भाऊसाहेब परत यावेत अशी इच्छा इतकी प्रबळ होती, की त्यांच्या नावाने उभ्या राहिलेल्या तोतयामागे माणसे आणि किल्लेही गेले. १७७६ मध्ये त्याला देहान्त शासन झाले, तेव्हा ते बंड मिटले. चेहरा पुसट असला की पाहणारा त्यात आपल्याला हवे ते पाहतो. झिजलेल्या रुपयाचेही तसेच आहे. ज्या खुर्द्याची गणती झाली नाही, त्याला आदर दाखवायचा तर त्याला खोटे नाव देऊन नव्हे. जेवढे वाचता येते तेवढेच वाचून.