चिलखत अंगाला बसवताना



हल्ली आमच्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा कपाटाच्या वर बघतो आणि विचारतो, "हे काय रे?" वर पांढऱ्या प्लास्टिकचे हात, पाय, छाती, पाठ असं सगळं सुटं सुटं रचून ठेवलेलं असतं. आई परस्पर सांगून टाकते, "काही नाही हो, त्याचे रविवारचे उद्योग." गेले काही महिने या सदरात मी नोकरी, मुलाखती, पगार यांवर बरंच बोललो. या वेळी त्या उद्योगाबद्दल लिहितो.

ते सुटे भाग म्हणजे 'स्टार वॉर्स'मधल्या स्टॉर्मट्रूपरचं चिलखत. सिनेमा पाहिला नसलात तरी काळ्या डोळ्यांचा आणि कायम रुसलेल्या तोंडाचा तो पांढरा सैनिक कुठल्या ना कुठल्या टी-शर्टवर तुम्ही पाहिलेला असणार. असे पोशाख घरी बांधणारे लोक जगभर आहेत, आणि त्यांचा हट्ट एकच : पडद्यावर दिसलं अगदी तसंच हवं. 'साधारण तसं' चालत नाही.

आता पडद्यावरचं मूळ कसं होतं ते ऐका. पहिला सिनेमा 1977 चा. राल्फ मॅक्वारी यांनी त्याची चित्रं काढली. वेशभूषा जॉन मोलो यांची, त्यासाठी त्यांना ऑस्कर मिळालं. चिलखताचे भाग ब्रायन म्यूर या शिल्पकाराने मातीत घडवले आणि लंडनच्या ट्विकनहॅम भागात अँड्र्यू एन्सवर्थ यांनी ते प्लास्टिकमध्ये काढले. मार्च 1976 मध्ये ट्युनिशियात शूटिंग सुरू व्हायचं होतं, त्यामुळे सगळी घाई. हेल्मेटची डावी आणि उजवी बाजू सारखी नाही. गालावरच्या निळ्या रेघा हाताने रंगवलेल्या, त्यामुळे एका हेल्मेटच्या दुसऱ्याशी जुळत नाहीत. हातातली बंदूक म्हणजे ब्रिटिश सैन्याची स्टर्लिंग सबमशीनगन, वर चार-दोन तुकडे चिकटवलेले. एक सैनिक आत येताना दाराला डोकं आपटतो, तो शॉटही सिनेमात तसाच राहिला आहे.

थोडक्यात, त्या लोकांनी घाईघाईत जे उरकलं, ते आम्ही हौशी मंडळी महिनोन् महिने खपून जसंच्या तसं करतो!

या हेल्मेटवरून पुढे कोर्टकचेरीही झाली. एन्सवर्थ त्यांच्या प्रती विकू लागले, लुकासफिल्मने दावा लावला आणि प्रकरण थेट ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. 2011 साली न्यायालयाने सांगितलं की हे हेल्मेट कायद्याच्या अर्थाने 'शिल्प' नाही. सिनेमा बनवण्यासाठी वापरलेली ती एक उपयोगाची वस्तू आहे. कायद्याचं मला फारसं कळत नाही, पण हे वाक्य मला पटतं. शिल्प समोर ठेवून बघायचं असतं. चिलखत अंगावर घालायचं असतं, आणि खरी अडचण तिथूनच सुरू होते.

अशा पोशाखवाल्यांची सगळ्यात मोठी संघटना म्हणजे 501वी लीजन. 1997 साली अमेरिकेतल्या साऊथ कॅरोलिनात आल्बिन जॉन्सन यांनी ती सुरू केली. त्याआधी एका मोटार अपघातात त्यांचा एक पाय गेला होता. चिलखत घालून उभे राहिले की मात्र खरा पाय कुठला आणि कृत्रिम कुठला, हे समोरच्याला कळायला मार्ग नाही. ही संघटना आज निधी गोळा करते, हॉस्पिटलमधल्या मुलांना भेटते, आणि हे सगळं सिनेमातल्या खलनायकांच्या वेशात. सदस्य व्हायला 18 वर्षं पूर्ण हवीत आणि पोशाख त्यांच्या यादीतल्या प्रत्येक मुद्द्याला उतरायला हवा. मी सदस्य नाही, पण यादी समोर ठेवूनच बांधतो. डोळ्यांच्या काचा सपाट की फुगीर? दोन्ही खऱ्या, पण वेगवेगळ्या हेल्मेटवरच्या. एकदा एक प्रकार निवडला की बाकी सगळं त्याच प्रकारचं हवं. गुडघ्यावरची जादा पट्टी डाव्याच पायाला. सांध्यांवरच्या पट्ट्यांची रुंदीसुद्धा ठरलेली : हातावर साधारण 15 मिमी, पायाला पुढून 20 आणि मागून 25.

हे भाग होतात कसे? एबीएस प्लास्टिकचा पत्रा तापवायचा. ओल्या फडक्यासारखा त्याला झोळ पडला की तो साच्यावर घालायचा आणि खालून हवा ओढून घ्यायची. हवा गेली की प्लास्टिक साच्याला घट्ट बिलगतं आणि थंड होताना तोच आकार धरतं. याला व्हॅक्यूम फॉर्मिंग म्हणतात. परदेशातून आलेल्या माझ्या खोक्यात असे कच्चे भाग होते, भोवती जादा प्लास्टिकची झालर तशीच. किंमत विचारू नका, घरी अजून खरा आकडा सांगितलेला नाही.

झालर कात्रीने कापायची किंवा कटरने ओरखडा पाडून मोडायची, कड कानशीने आणि पॉलिश पेपरने घासायची. मग मास्किंग टेपने सगळे भाग अंगावर तात्पुरते बांधायचे, आरशासमोर उभं राहायचं, खुणा करायच्या. शेवटी दोन कडा समोरासमोर आणून आतून-बाहेरून पट्टी चिकटवायची. मी ई-6000 नावाचा रबरी गोंद वापरतो. तो धरायला पूर्ण दिवस घेतो, तोवर चिमटे आणि लोहचुंबक लावून ठेवायचे. त्याचा गुण असा की सांधा चुकीचा बसला तर सोलून परत करता येतो. उरलेले तुकडे ॲसिटोनमध्ये विरघळवले की त्याच रंगाची लांबी तयार होते, भेगा भरायला उत्तम. फक्त खिडक्या उघड्या ठेवा आणि गॅसच्या आसपास हे करू नका, ॲसिटोन फार लवकर पेट घेतं. चिलखताला ऊनही लागू देऊ नका, एबीएस उन्हात पिवळं पडतं. आमच्या बडोद्याच्या उन्हाळ्यात तर बघायलाच नको.

आता मापाचं. माझी उंची पाच फूट पाच इंच. साचे उंच माणसांच्या बेताने केलेले. खुद्द सिनेमातही या वेशातल्या नायकाला राजकन्या त्याच्या उंचीवरून टोमणा मारते, तेव्हा मी एकटा नाही! अशा वेळी नियम हा की दिसणारी कड राखायची आणि झाकली जाणारी कापायची. मांडीचा भाग कमरेजवळच्या भागाखाली जातो, म्हणून तो वरून कापायचा. खालची नक्षी जशीच्या तशी.

मी बीई मेकॅनिकल केलं आणि पोटासाठी सॉफ्टवेअर लिहितो. 'फिट्स अँड टॉलरन्सेस'च्या धड्यात भोक आणि त्यात बसणारा दांडा यांच्यात किती मोकळीक ठेवायची याची कोष्टकं असतात. अंगासाठी तसं कोष्टक नाही. छाती श्वासागणिक फुगते, बसलं की पोट पुढे येतं, हात वर केला की खांदा भलतीकडेच जातो. आरशात सुरेख दिसणारं चिलखत दहा पावलं चालल्यावर काखेत, कोपरात आणि गुडघ्याच्या मागे चिमटे काढायला लागतं.

इथे माझ्या भाचीची गोष्ट सांगायला हवी. तिची परवानगी घेतली आहे. नाव लिहू नको म्हणाली. ती चौदा वर्षांची आहे. तिच्या कण्याला बाक आहे, डॉक्टरी भाषेत स्कोलिओसिस, आणि गेलं वर्षभर ती ब्रेस घालते. हा ब्रेस म्हणजे कडक प्लास्टिकचं कवच, काखेपासून कमरेच्या खालपर्यंत. रोज बरेच तास घालावं लागतं, झोपेतसुद्धा. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत ब्रेस वापरणाऱ्या 72 टक्के मुलांचा बाक हाडांची वाढ पूर्ण होईपर्यंत 50 अंशांच्या आत राहिला. ब्रेस न वापरणाऱ्यांत हे प्रमाण 48 टक्के होतं. आणि जितके तास जास्त, तितका फायदा जास्त. ताई हे आकडे तिला रोज ऐकवायची. ती रोज काही ना काही कारण काढून ब्रेस उतरवायची. ताईला वाटे, पोरगी कंटाळा करते.

एका रविवारी मी छाती-पाठ टेपने बांधून आरशासमोर उभा होतो. ती सोफ्यावर बसून बघत होती. म्हणाली, "मामा, काखेत घासेल तुला. हात पुढे कर बघू." केला. घासलं. मग उठून तिने माझ्याभोवती एक चक्कर मारली आणि जिथे जिथे टोचणार तिथे पेन्सिलने फुल्या केल्या. सात फुल्या. सगळ्या बरोबर.

तिला हे कुठून कळलं, हे उघड आहे. तिचा ब्रेस आणि माझं चिलखत एकाच पद्धतीने होतं. आधी तिच्या धडाचा प्लास्टरचा साचा घेतला, मग तंत्रज्ञांनी कुठे दाब हवा आणि कुठे जागा सोडायची ते ठरवून त्यात फेरफार केले, आणि त्यावर तापवलेलं प्लास्टिक घालून खालून हवा ओढून घेतली. तेच व्हॅक्यूम फॉर्मिंग. फरक एवढाच की माझा साचा कुणा परक्याच्या मापाचा आणि तिचा फक्त तिचा. मी हौसेने चार तास घालणार, तिला झोपेतही सुटका नाही.

त्या दिवसापासून ती माझी सल्लागार झाली. तिचे सल्ले कामाच्या यादीत लिहून ठेवले आहेत. आत सुती बनियन उलटं घालायचं, म्हणजे शिवण बाहेरच्या बाजूला येते आणि अंगात रुतत नाही. काढल्यावर कातडीवर लाल डाग दिसला तर घड्याळ लावायचं. अर्ध्या तासात गेला तर ठीक, नाही गेला तर तिथलं माप चुकलंय. आणि कड नुसती घासून गुळगुळीत करून भागत नाही, ती जरा तापवून बाहेरच्या बाजूला वळवायची, म्हणजे धारेऐवजी गोलाई अंगाला लागते. हा शेवटचा उपाय मी हीट गनने केला आणि काखेचा त्रास संपला. समोरून पाहिलं तर फरक कळतही नाही. यादीतला एकही मुद्दा मोडला नाही.

भागांना जोडणाऱ्या इलॅस्टिकच्या पट्ट्या ताईने मशीनवर शिवल्या, टोकांना टिचबटणं लावली. भाची शेजारी बसून लांबी सांगत होती. "हे थोडं सैल ठेव आई, श्वास घेताना ओढतं." मग जरा थांबून म्हणाली, "माझंही ओढतं. डाव्या काखेत." ताईचं मशीन थांबलं. वर्षभरात ती हे पहिल्यांदाच बोलली होती.

पुढच्या भेटीत ती ब्रेस करणाऱ्या तंत्रज्ञांना स्वतःच म्हणाली, "इथली कड तापवून बाहेर वळवता येईल का?" त्यांनी आधी काखेतला डाग तपासला. दाबाच्या जागेला धक्का लागत नाही हे पाहून कड वळवून दिली. काम दहा-पंधरा मिनिटांचं. मुलांनो, तुमच्यापैकी कुणी ब्रेस घालत असेल तर हे घरी करून बघू नका. त्यातला दाब कुठे आणि किती, हे मोजून ठरवलेलं असतं. कापाकापी त्यांनीच करायची. पण कुठे टोचतं हे त्यांना आपणहून कळणार नाही. ते तुम्हालाच सांगावं लागेल.

ब्रेस आता तिला आवडायला लागला, असं काही नाही. शाळेच्या गॅदरिंगला तो घालायचा की नाही यावरून घरात अजून वाद चालू आहे. पण दुपारच्या झोपेत तो अंगावर असतो, असं ताई सांगते. तिच्या वहीत रोजचे तास ती स्वतः लिहिते. किती होतात ते मी विचारलेलं नाही.

माझा डावा पाय अजून बाकी आहे, आणि हेल्मेटमध्ये काचांवर वाफ धरू नये म्हणून दोन छोटे पंखे बसवायचे आहेत. कुणाला असं काही बांधायचं असेल तर जरूर कळवा. कात्री, कानस, चिमटे उसने मिळतील, फक्त गोंद आपापला आणा. आणि घरात कुणाला ब्रेस असेल, दातांना तारा असतील, आजोबांना श्रवणयंत्र असेल, तर आज जेवताना एकदा विचारून बघा, कुठे टोचतं का म्हणून.

भेटू पुढच्या महिन्यात.