संगणकाचा निवाडा आणि ‘बाकी सर्व’

शास्त्यांच्या पुस्तकांतील बाराव्या अध्यायांत यार्देनेच्या उतारावरची गोष्ट आहे. गिलादी पहारेकरी प्रत्येक वाटसरूस ‘शिब्बोलेथ’ हा शब्द उच्चारावयास लावीत. ज्याच्या तोंडून ‘सिब्बोलेथ’ निघे, त्याचा वध होई. त्या वेळीं ४२,००० एफ्राईमी पडले.

असाच एक पहारेकरी हल्लीं शाळांच्या कचेऱ्यांतील संगणकांत बसला आहे. एक्सेलच्या तक्त्यासाठीं लिहिलेल्या आज्ञामालिकेस मॅक्रो म्हणतात; सन १९९३ पासून ती व्हिज्युअल बेसिक भाषेंत लिहितां येते. शब्द पाहून निरनिराळे निकाल द्यावयाचे असल्यास तींत ‘सिलेक्ट केस’ नांवाची रचना आहे. पर्याय एकाखालीं एक मांडावे. यंत्र वरून खालीं वाचतें, प्रथम जुळेल तेवढाच पर्याय अमलांत आणतें व बाकीचे सोडून देतें. कांहींच न जुळल्यास शेवटीं ‘केस एल्स’, म्हणजे ‘बाकी सर्व’.

आमचा आक्षेप आहे तो या शेवटच्या ओळीच्या वापराविषयीं. धर्माबाद हें तेलंगणाच्या सीमेवरचें गांव. येथें एकाच बांकावर मराठी, तेलुगू व उर्दू बोलणारीं मुलें बसतात. मातृभाषेच्या रकान्यांत कोणी ‘तेलगू’ लिहितो, कोणी ‘तेलुगू’, कोणी ‘तेलुगु’. आम्हांस भाषा एकच दिसते. यंत्रास तीन दिसतात. शब्दामागें राहिलेल्या एका रिकाम्या जागेनेंदेखील त्यास तो शब्द निराळा वाटतो. आम्हीं स्वतः केलेल्या अशा एका तक्त्यांत ‘बाकी सर्व’ म्हणजे ‘मराठी’ असें ठरविलें होतें. कित्येक तेलुगू मुलें कागदोपत्रीं मराठी झालीं, आणि यंत्रानें तक्रारीचा एक शब्दही काढला नाहीं. एका आईनें दाखविल्यावर आमचे डोळे उघडले. दोष आमचा होता, यंत्राचा नव्हे.

उपाय कठीण नाहीं. प्रथम ‘ट्रिम’ या आज्ञेनें शब्दाच्या पुढची व मागची रिकामी जागा काढावी. आज्ञा लिहावयाच्या खिडकींत देवनागरी अक्षरें टिकत नाहींत, त्यांचीं प्रश्नचिन्हें होतात. म्हणून तक्त्याच्याच एका पानावर, मुलें लिहितात तीं सर्व रूपें डाव्या बाजूस व मान्य रूप उजव्या बाजूस लिहून ठेवावें, आणि मॅक्रोनें तेथें पाहून ठरवावें. रकाना कोरा असल्यास त्याची निराळी नोंद व्हावी. ‘बाकी सर्व’ यांसाठीं मात्र एकच निकाल असावा : ‘विचारून पाहा’.

कोणी म्हणतील, तीनशें नांवांत दहा चुकलीं तर काय बिघडलें ? तें त्या दहांच्या घरीं जाऊन विचारावें. शंभरांतील एका हरवलेल्या मेंढरासाठीं नव्व्याण्णव मागें ठेवून जाणारा मेंढपाळ आमच्या प्रभूनें दाखविला आहे.

विद्यार्थ्यांनो, उद्यां असे निवाडे करणारीं यंत्रें तुम्हीच रचाल. जें तुमच्या यादींत बसत नाहीं तें चुकीचेंच, असें मानूं नका. कदाचित् तुमची यादीच अपुरी असेल.