‘एक जुनी इंग्रजी चाल’

गत स्नेहसंमेलनात आमच्या वाद्यवृंदाने ‘कॉन्स्टंट बिली’ नावाची चाल वाजविली, ती पालकवर्गाच्या स्मरणात असेल. टाळ्याही पुष्कळ पडल्या. कार्यक्रमपत्रिकेत तिच्यापुढे ‘एक जुनी इंग्रजी चाल’ एवढेच शब्द होते. ती पत्रिका मीच लिहिली होती, आणि ते शब्द लिहिण्यात माझ्या हातून कृतघ्नपणा घडला, असे मला आता वाटते.

ही चाल कागदावर कशी आली ते पाहा. सन १८९९ च्या नाताळात सेसिल शार्प हे संगीतशिक्षक ऑक्सफर्डजवळील हेडिंग्टन येथे आपल्या सासूबाईंकडे उतरले होते. २६ डिसेंबर रोजी त्यांनी खिडकीतून पाहिले, तो पांढरा वेष केलेले व पायांस घुंगरू बांधलेले काही गडी नाचण्याच्या तयारीने येत आहेत, आणि त्यांच्यासवे एक तरुण कॉन्सर्टिना वाजवीत आहे! हे मॉरिस नृत्य वास्तविक उन्हाळ्याच्या तोंडाशी, पेंटेकॉस्टच्या सणात करावयाचे. परंतु कडाक्याच्या थंडीने बांधकामे बंद पडली होती, घरात पैशाची चणचण होती, म्हणून ती मंडळी अवेळी बाहेर पडली होती. वादकाचे नाव विल्यम किंबर, वय सत्तावीस, धंदा गवंड्याचा. दुसऱ्या दिवशी शार्प यांनी त्याला बोलावून पाच चाली उतरून घेतल्या. त्यांत आमची ‘कॉन्स्टंट बिली’ होती.

मग तिचे मूळ हेडिंग्टनच काय? मुळीच नव्हे. हीच चाल सन १७२८ मध्ये लंडनच्या रंगभूमीवर जॉन गे यांच्या ‘द बेगर्स ऑपेरा’ या नाटकात गाइली गेली होती. आणि त्या नाटकाची रीतच अशी की, लोकांच्या ओठी असलेल्या चाली घेऊन त्यांवर नवी पदे रचावयाची. (आपल्या संगीत नाटककारांसही ही युक्ती अपरिचित नव्हती.) म्हणजे नाटकाच्याही मागे ती होतीच. मुळाचा शोध करावा, तो मोठा आनंदाचा छंद आहे. पण पहिला कर्ता सापडत नाही म्हणून ‘जुनी चाल’ असे लिहून मोकळे होणे हा निव्वळ आळस होय. पहिला अज्ञात असेल. ज्याच्या हातून ती आपणांस मिळाली, तो अज्ञात नाही.

दुसरे असे की, ही चाल उघड्यावरच वाजवावी. सभागृहात आम्ही ती हार्मोनियम व व्हायोलिन यांवर अगदी एकसारख्या लयीत वाजविली, तेथेच चुकलो. किंबरच्या जातीच्या कॉन्सर्टिनाची एकच कळ दाबून भाता ओढला तर एक स्वर निघतो, दाबला तर दुसरा; त्यामुळे भाता वारंवार उलटसुलट करावा लागतो व चालीस आपोआप हिसके बसतात. शिवाय नाचणारा गडी उंच उडी घेतो, तेव्हा त्याचे पाय भुईस लागेपर्यंत वादकाला दम धरावा लागतो. हा विलंब स्वरलेखनात पुरता उतरत नाही. संमेलनानंतर मी चार मुलांना मैदानावर नेले, त्यांना उड्या मारावयास लावले आणि स्वतः व्हायोलिन घेऊन उभा राहिलो. एकाची उडी फार उंच गेली आणि माझा गज अधांतरी थांबला. त्या क्षणी चाल मला प्रथम कळली, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

सन १९०३ मध्ये याच शार्प यांनी सॉमरसेटमधील हँब्रिज येथे जॉन इंग्लंड नावाच्या माळ्याला गवत कापता कापता गाताना ऐकले. गाणे टिपून घेतले आणि त्याच सायंकाळी पियानोच्या साथीने ते एका बाईंकडून मंडळींपुढे गावविले. जॉनला अभिमान वाटला. पण आपल्या गाण्याला पियानो कधी नव्हता, ही शंकाही त्याच्या मनात राहिली, अशी हकीकत आहे. शार्प यांनी ती गाणी लिहून ठेवली नसती, तर आपणांस ती मिळती ना, हे खरे. तरीही पियानोच्या बाबतीत माझे मत जॉनकडे पडते.

यंदा ही चाल मैदानावरील वडाखाली वाजवावी आणि पत्रिकेत ‘विल्यम किंबर, गवंडी, हेडिंग्टन, १८९९’ असे छापावे, अशी सूचना मी केली आहे. उघड्यावर स्वर वाऱ्याने उडून जातात, असा आमच्या एका सहकाऱ्यांचा आक्षेप आहे, आणि तो खोटा नाही. तेव्हा पालकांनी कृपा करून खुर्च्या थोड्या पुढे ओढून बसावे.