अर्धवेळ काम, पूर्णवेळ कर्ज

बीड जिल्ह्यात बचत गटांच्या बैठकांना मी जाते तेव्हा अलीकडे एक नवा प्रश्न कानावर येतो. विजेवरची छोटी मोटार घ्यावी, घर सांभाळून दिवसातले चार-पाच तास ती भाड्यानं चालवावी, हे जमेल का? विचारणाऱ्यांत शिवणकाम करणाऱ्या आहेत, आशा आहेत, मुलं पदरात घेऊन माहेरी परतलेल्या एकट्या बायका आहेत. बाईनं स्टिअरिंग धरावं की नाही, हा वाद आता जुना झाला. शेजारच्या परभणीची शीला डावरे १९८८ मध्ये पुण्याला जाऊन रिक्षा चालवू लागली. २०२३ मध्ये एसटीच्या स्टिअरिंगवरही बायका बसल्या. आता प्रश्न उरला आहे तो गाडी कुणाची आणि कमाई कुणाच्या हातात, एवढाच. मला वाटतं, एकट्या बाईनं कर्ज काढून हे काम करू नये. गटानं मात्र ते जरूर करावं.

आधी गरजेचं बोलू. अकरा तालुक्यांच्या या जिल्ह्यात एसटी हीच बाईची गाडी. मार्च २०२३ पासून तिचं तिकीट अर्धं झालं, तशा बायका घराबाहेर पडू लागल्या. पण एसटी फाट्यावर सोडते. फाट्यापासून वाडी, तांडा, वस्ती गाठायची तर काळीपिवळीत कोंबून बसायचं, नाहीतर कुणाच्या तरी दुचाकीमागे. १७ सप्टेंबर २०२५ ला बीडला रेल्वे आली, पण स्टेशनावरून घरी कसं जायचं हा प्रश्न उरलाच. अवघडलेल्या बाईला अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयात न्यायचं, मुलीला परीक्षेच्या केंद्रावर सोडायचं, तर गाडी चालवणारी बाई असली म्हणजे घरचेही निर्धास्त आणि मुलगीही मोकळी.

विजेची गाडी बायकांना का पसंत पडते, तेही समजण्यासारखं आहे. क्लच नाही, गिअर नाही, चालवायला सोपी. पेट्रोल पंपाची रांग नाही. छोटी गाडी एका युनिटमध्ये सहा-सात किलोमीटर जाते, म्हणजे किलोमीटरला वीज दीड-पावणेदोन रुपयांची. पेट्रोलला सहा रुपयांच्या पुढे जातात. घरच्या पंधरा अँपियरच्या प्लगवर तासाला वीसेक किलोमीटरपुरती वीज भरते. रात्री लावून ठेवली की सकाळी गाडी तयार.

इथपर्यंत सगळं छान. आता वही उघडू.

अशी छोट्यात छोटी नवी मोटार सात-आठ लाखांच्या घरात जाते. सात लाख कर्ज, दहा टक्के व्याज, पाच वर्षांची मुदत धरली तर महिन्याचा हप्ता पंधरा हजारांच्या आसपास येतो. बाई अर्धवेळ चालवणार, म्हणजे दिवसाला पन्नास किलोमीटर, महिन्याचे पंचवीस दिवस. किलोमीटरला बारा रुपये धरले आणि परतीचेही पैसे मिळाले असं समजलं, तरी हाती येतात पंधरा हजार. म्हणजे हप्त्यापुरते. वीज, विमा, टायर यांचे पैसे पदरचे, आणि मजुरी शून्य. हे आकडे मी अंदाजानं घेतले आहेत. तुम्ही तुमच्या गावचं भाडं घालून पुन्हा मांडा. काम अर्धवेळ आणि कर्ज पूर्णवेळ असेल तर वजाबाकी कुठेही अशीच येणार.

आपल्या जिल्ह्याला हे नवं नाही. ऊसतोडीला जाताना उचल घेतली जाते. नवरा-बायको दोघं मिळून एक कोयता. उचल मोजून घेतो तो, फेडायला राबतात दोघं. खाडा पडला की पैसे कापले जातात, आणि खाडा नको म्हणून बायकांच्या पिशव्या कशा काढल्या गेल्या, हे २०१९ मध्ये साऱ्या देशानं वाचलं. गाडीचं कर्ज बाईच्या नावावर आणि किल्ली नवऱ्याच्या खिशात असं झालं, तर ती नव्या रंगाची उचलच ठरेल. हप्त्यासाठी तापातही गाडी काढावी लागली, तर तो खाडाच झाला. १९९४ च्या महिला धोरणापासून आपण मालमत्तेत बाईचं नाव हवं म्हणत आलो. ते बरोबरच होतं. पण कागदावर नाव आणि हातात निर्णय या दोन गोष्टी आहेत, हेही आपण तेव्हापासून पाहत आलो आहोत.

‘अर्धवेळ’ या शब्दाकडेही जरा नीट बघू या. आशाताईचं काम अर्धवेळ, म्हणून तिला पगार नाही, मोबदला. अंगणवाडी सेविकेला मानधन. बाईचं काम अर्धवेळ म्हटलं की ते कमी मोलाचं ठरवायला सगळे मोकळे. उरलेला अर्धा वेळ ती पाणी, स्वयंपाक, म्हाताऱ्यांची सेवा करते, तो कुठल्याच वहीत येत नाही. मोबाईलवरून भाडी देणाऱ्या कंपन्या सांगतात की सवड असेल तेव्हा चालवा. पण भाडी जास्त असतात ती सकाळी आणि संध्याकाळी, नेमकी चुलीच्या वेळेला. घरातली कामं वाटली गेली नाहीत तर ही सवड बाईच्या झोपेतूनच निघणार.

मग मार्ग काय? गाडी गटाची असावी. तिघी-चौघींनी पाळ्या लावून तीच गाडी दिवसाला दीडशे किलोमीटर चालवली, मधे दुपारी तीन तास चार्जिंगला लावली, तर त्याच दरानं महिन्याचे पंचेचाळीस हजार होतात. हप्ता, वीज, विमा, दुरुस्ती वजा जाता प्रत्येकीला काही हजार उरतात. एकीला पाळी आली, मूल आजारी पडलं, तरी गाडी थांबत नाही आणि तिच्यावर खाडाही पडत नाही. ज्या महिन्यांत निम्मं गाव तोडीला जातं आणि भाडी आटतात, तेव्हाचा तोटाही वाटला जातो.

हे स्वप्नरंजन नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारनं आजीविका ग्रामीण एक्स्प्रेस योजना सुरू केली. तीत बचत गटाच्या सभासदाला प्रवासी वाहनासाठी साडेसहा लाखांपर्यंत बिनव्याजी कर्ज, किंवा संघाच्या मालकीचं वाहन सभासदाला चालवायला, अशी तरतूद आहे. साडेसहा लाख बिनव्याजी पाच वर्षांत फेडायचे तर हप्ता अकरा हजारांच्या आत बसतो. याउलट राज्याची गुलाबी ई-रिक्षा योजना बघा. तिथे २० टक्के अनुदान, १० टक्के बाईचे आणि ७० टक्के बँकेचं कर्ज, तेही एकेकट्या बाईच्या डोक्यावर. जुलै २०२४ च्या निर्णयात १७ शहरं होती. त्यांत छत्रपती संभाजीनगर होतं, बीड नव्हतं. ऊसतोडीला मजूर पुरवायला मात्र बीडची आठवण सगळ्यांना येते.

कायद्याचंही माहीत असू द्या. पांढऱ्या नंबरप्लेटच्या गाडीप्रमाणेच, हिरव्या प्लेटवर पांढरी अक्षरं असलेली गाडीही खासगी असते. तिच्यात भाडं घेऊन माणसं नेली आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते. भाड्याच्या विजेच्या गाडीची अक्षरं पिवळी असतात. ऑक्टोबर २०१८ पासून अशा गाडीला परमिट लागत नाही. हलक्या वाहनाच्या साध्या लायसनवर हलकं प्रवासी वाहन चालवता येतं, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं ६ नोव्हेंबर २०२४ ला दिला आहे. तरीही बॅजचं काय, हे आरटीओत लेखी विचारून घ्या. तोंडी उत्तरावर गाडी काढू नका.

तेव्हा तालुक्यातालुक्यांतून आपण हे मागू या. गुलाबी योजना बीडला आणा आणि ती गटांनाही खुली करा. ग्रामीण एक्स्प्रेसची साडेसहा लाखांची मर्यादा वाढवा. नाहीतर त्यात विजेची मोटार बसत नाही. एसटी स्थानकं, रेल्वे स्टेशन आणि अंबाजोगाईच्या रुग्णालयाच्या आवारात चार्जिंगची सोय करा. बीडहून तिथे जाऊन यायचं म्हणजे दीडशेहून जास्त किलोमीटर, छोटी बॅटरी तेवढी पुरत नाही. गटाच्या गाडीला चार्जिंगच्या दराचं वेगळं मीटर द्या. नाहीतर घरचं बिल वरच्या टप्प्यात जातं आणि घरात पहिलं भांडण त्यावरूनच होतं.

आणि एक मागणी आपली आपल्याकडेच. गटात ठराव करताना तीन गोष्टी लिहून ठेवा. किल्ली कुठे राहील, भाड्याचे पैसे कुणाच्या खात्यात जातील आणि पाळी असलेल्या दिवशी त्या घरचा स्वयंपाक कोण करील. तिसऱ्या ओळीवर बैठकीत हसू फुटेल. फुटू द्या, पण ती ओळ खोडू नका.