घड्याळात होकायंत्र आलं, मग ट्रेकला वाट का चुकते?

जून उजाडला की इन्स्टावर सह्याद्री हिरवा व्हायला लागतो आणि ट्रेकच्या ग्रुपमध्ये दरवर्षी आणखी चार-पाच नवी स्मार्टवॉच दिसतात. काही वर्षांपूर्वी स्वतःचं जीपीएस आणि होकायंत्र असलेलं घड्याळ ही महागडी चैन होती. आता दहा हजारांच्या आसपासच्या घड्याळातही हे मिळतं, काहींत ऑफलाइन नकाशाही चालतो. जाहिरातीतला ट्रेकर मनगटाकडे बघतो आणि बाणाच्या दिशेने निघतो. हरिश्चंद्रगडाच्या पठारावर दाट धुक्यात असंच बाणाच्या दिशेने निघालात, तर पुढे कोकणकडा असू शकतो.

स्क्रीनवर डोळे मिटून विश्वास ठेवण्याची किंमत आपण पाहिली आहे. जानेवारी २०२१ मध्ये पुण्याहून कळसूबाईला निघालेली एक गाडी रात्री मॅप दाखवेल त्या रस्त्याने गेली आणि अकोले तालुक्यात कोतूळजवळ पाण्याखाली गेलेल्या पुलावर पोहोचली. त्यात एकाचा जीव गेला. नकाशावर पूल होता. त्यावर पाणी आहे, हे नकाशाला माहीत नव्हतं. डोंगरात तर रस्ता, पाटी, दिवे यातलं काहीच नसतं.

म्हणून मनगटावरचं यंत्र नेमकं काय जाणतं आणि काय जाणत नाही, हे ट्रेकला निघण्याआधी समजून घ्यायला हवं.

एक घड्याळ, तीन वेगळी उत्तरं

आपल्याला वाटतं, घड्याळ ‘वाट दाखवतं’. खरं तर ते तीन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं तीन वेगळ्या सेन्सरकडून घेतं. मी कुठे आहे, हे जीपीएस सांगतं. माझं तोंड कुठल्या दिशेला आहे, हे मॅग्नेटोमीटर म्हणजे डिजिटल होकायंत्र सांगतं. मी किती उंचीवर आहे, हे हवेचा दाब मोजणारा बॅरोमीटर सांगतो. तिघांच्या चुका होण्याची कारणं वेगळी आहेत. स्क्रीनवर मात्र सगळं एकाच ठिपक्यात आणि एकाच बाणात दिसतं, त्यामुळे चूक कोणाची झाली ते कळत नाही.

यातला पहिला गोंधळ दिशेचा. जीपीएसला तुमची जागा कळते, पण तुम्ही उभे असाल तर तोंड कुठे आहे हे त्याला कळत नाही. चालायला लागलात की आधीची जागा आणि आताची जागा यावरून ते दिशा काढतं. ज्या घड्याळात होकायंत्र नाही, त्यात चौकात थांबून ‘आता कुठे’ म्हणून पाहिलं तर बाण जुनीच दिशा दाखवतो किंवा भलतीकडे फिरतो. घड्याळ घेताना दोन गोष्टी बघा: होकायंत्र आहे का, आणि जीपीएस घड्याळातच आहे की फोनकडून उसनं घेतलेलं? ‘कनेक्टेड जीपीएस’ लिहिलं असेल, तर फोन बंद पडला की घड्याळाचंही जीपीएस गेलं.

ट्रामने हलवलेलं होकायंत्र

होकायंत्र कशाने बिघडतं, याचं सगळ्यात चांगलं उदाहरण आपल्याच किनाऱ्यावर आहे. मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी होत होत्या. पुढे शहरात विजेवर चालणाऱ्या ट्राम येणार हे ठरलं, आणि त्यांच्या विजेमुळे नोंदी बिघडणार हे उघड होतं. म्हणून १९०४ मध्ये हे काम अलिबागला नेलं गेलं. तिथल्या इमारतींना आपला काळा दगड न वापरता पोरबंदरचा दगड वापरला, कारण काळ्या बेसाल्टमध्ये चुंबकीय खनिज असतं. ही वेधशाळा आजही चालू आहे.

या गोष्टीत तुमच्या घड्याळाचे दोन्ही शत्रू आहेत. पहिला शत्रू म्हणजे वीज आणि चुंबक. महाराष्ट्रात पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र साधारण ४३ मायक्रोटेस्ला आहे, म्हणजे अगदीच नाजूक. घड्याळाच्या पट्ट्यातलं मॅग्नेटिक बक्कल, फोनच्या कव्हरमधलं चुंबक, इअरबड्सची डबी, पॉवर बँक, यातलं काहीही जवळ आलं तरी बाण सरकतो. कळसूबाईच्या लोखंडी शिड्यांना धरून होकायंत्र बघणं म्हणजे शिडीलाच दिशा विचारणं.

दुसरा शत्रू तुमच्या पायाखाली आहे. सह्याद्री याच बेसाल्टचा बनलेला आहे. मोकळ्या पठारावर उभं राहून बघितलं तर सहसा फारसा फरक पडत नाही. पण उघड्या कातळावर, विशेषतः वीज पडलेल्या शिखरावर, काही पावलांत बाण बदलू शकतो. त्यामुळे घड्याळ काढून दगडावर ठेवून दिशा घेऊ नका. उभे राहा, हात छातीसमोर आडवा धरा, दहा-बारा पावलं बाजूला जाऊन पुन्हा बघा. दोन्ही वेळा आकडा जवळपास सारखा आला तरच तो धरा.

ट्रेक सुरू करताना पायथ्याच्या गावातच, गाडीपासून लांब उभं राहून, हात हवेत इंग्रजी आठसारखा फिरवून होकायंत्र कॅलिब्रेट करा. बॅटरी बदलली, मोठा अपडेट आला किंवा दुसऱ्या राज्यात गेलात, तर हे पुन्हा करायचं.

उत्तर नेमकी कुठली?

नकाशाची उत्तर आणि होकायंत्राची उत्तर एकच नसते. चुंबकीय ध्रुव सतत सरकत असतो, म्हणून अमेरिकेची नोआ ही संस्था आणि ब्रिटिश जिऑलॉजिकल सर्व्हे मिळून दर पाच वर्षांनी जगाच्या चुंबकीय क्षेत्राचं गणित नव्याने मांडतात. ताजं मॉडेल डिसेंबर २०२४ मध्ये आलं आणि ते २०२९ अखेरपर्यंत चालेल. फोन आणि घड्याळं याच मॉडेलवरून दुरुस्ती करतात.

आपल्यासाठी चांगली बातमी अशी की महाराष्ट्रात हा फरक एका अंशाच्या आतबाहेरच आहे. एक अंशाची चूक एक किलोमीटरवर फक्त १७ मीटर होते. हिमाचल-लडाखकडे गेलात की फरक दोन-तीन अंश होतो. युरोप-अमेरिकेतल्या व्हिडिओंमध्ये या दुरुस्तीवर अर्धा तास खर्च होतो, तो आपण वाचवू शकतो. पण जवळच्या चुंबकामुळे दहा अंशांची चूक झाली, तर एक किलोमीटरवर तुम्ही १७५ मीटर बाजूला असता. सह्याद्रीत तेवढ्या अंतरात सोंड बदलते, आणि सोंड बदलली की उतरण्याचं गावही बदलतं.

ठिपका खरा, पण कधी?

मोकळ्या आकाशाखाली फोनचं जीपीएस साधारण पाच मीटरच्या आत जागा सांगतं. डोंगरात आकाश मोकळं नसतं. नळीच्या वाटेसारख्या अरुंद घळीत वर आकाशाची फक्त पट्टी दिसते, उपग्रह कमी मिळतात आणि सिग्नल कड्यांवर आपटून उशिरा येतो. घड्याळाला वाटतं उपग्रह जास्त लांब आहे आणि ठिपका कड्याच्या पलीकडे जाऊन बसतो. एल१ आणि एल५ अशा दोन फ्रिक्वेन्सी वापरणारी घड्याळं यात बरी ठरतात, पण कडा हटवणं त्यांनाही जमत नाही.

आपली नाविक प्रणाली अजून या कामात पूर्ण आधार देण्याच्या स्थितीत नाही. जानेवारी २०२५ मध्ये सोडलेला एनव्हीएस-०२ उपग्रह ठरलेल्या कक्षेत पोहोचू शकला नाही. त्यामुळे पाकिटावर ‘नाविक सपोर्ट’ दिसला म्हणून जास्त पैसे मोजण्याची घाई नको.

याहून मोठी फसगत ‘बॅक टू स्टार्ट’ या बटणात असते. काही घड्याळांत ते आल्या वाटेने परत नेतं, काहींत फक्त सुरुवातीच्या जागेकडे सरळ बाण दाखवतं. तो सरळ बाण मधली दरी, ओढा, कडा काहीच बघत नाही. तुमच्या घड्याळात कुठला प्रकार आहे, हे घराजवळच्या टेकडीवर एकदा तपासून ठेवा.

नकाशात काय दिसतं, काय लपतं

बहुतेक ॲप्समधल्या डोंगरवाटा ओपनस्ट्रीटमॅपवर स्वयंसेवकांनी काढलेल्या असतात. कोणी मनापासून काम केलेलं असतं, कोणी स्वतः चुकलेल्या वाटेचा जीपीएक्स तसाच चढवलेला असतो. मळलेली वाट आणि ढोरवाट स्क्रीनवर एकाच तुटक रेषेत दिसतात. पावसाळ्यात तीच वाट ओढ्याखाली गेलेली असते.

म्हणून दुसरा नकाशा जवळ हवा. सर्व्हे ऑफ इंडियाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे भारतीय नागरिकांना त्यांच्या पोर्टलवर नोंदणी करून मोफत डाउनलोड करता येतात. त्यात एक सेंटिमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर, आणि उंचीच्या दोन रेषांमध्ये साधारण २० मीटरचं अंतर. रेषा दाटीवाटीने आल्या की कडा, विरळ झाल्या की पठार. एक मर्यादा लक्षात ठेवा: १५ मीटरचा सरळ कातळटप्पा दोन रेषांच्या मध्ये गडप होऊ शकतो. नकाशावर ‘उतरता येईल’ असं वाटलं म्हणून प्रत्यक्षात उतरता येतंच असं नाही.

इथे बॅरोमीटर कामी येतो. समजा, नकाशात वाट १,१०० मीटरवर धार सोडून डावीकडे वळते. घड्याळात १,१८० मीटर दिसतंय आणि वळण आलंच नाही, तर तुम्ही पुढे आला आहात. ठिपका काहीही सांगो, मागे फिरा. फक्त पायथ्याला ज्ञात उंचीवर घड्याळ जुळवून घ्या, कारण पावसाळी हवेत दाब एक हेक्टोपास्कलने घसरला तरी उंची आठ-नऊ मीटर चुकते.

मग उपग्रहावरून मदत?

सप्टेंबर २०२५ मध्ये ॲपल आणि गार्मिनने उपग्रहावरून थेट संदेश पाठवू शकणारी घड्याळं जाहीर केली. परदेशातल्या नातेवाइकांकडून असं काही मागवण्याचा विचार असेल तर थांबा. भारतात परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन किंवा तसं संदेशयंत्र बाळगणं कायद्यात बसत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्यात दाबोळी विमानतळावर एका परदेशी प्रवाशाला असं उपकरण जवळ असल्यामुळे अडवण्यात आलं होतं. ज्या तंत्रज्ञानाचा डोंगरात खरोखर उपयोग आहे, ते सुरक्षेच्या कारणाने सामान्य ट्रेकरला मिळत नाही. यावर सोपा, रीतसर मार्ग निघेपर्यंत आपल्याकडे ११२ हा नंबर, गावकरी आणि स्वयंसेवी बचाव पथकं हाच आधार आहे. त्यामुळे मुळात वाट न चुकणं आपल्याकडे जास्त महत्त्वाचं ठरतं.

ट्रेकच्या दिवशी काय करायचं

- आदल्या दिवशी दोन वेगवेगळे ऑफलाइन नकाशे घ्या. त्यातला एक कागदावर प्रिंट करून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा.
- पायथ्याला ट्रॅक सुरू करा, होकायंत्र आणि उंची जुळवा.
- फोन एअरप्लेन मोडवर ठेवा. जीपीएस तरीही चालतं, आणि रेंज शोधण्यात जाणारी बॅटरी वाचते.
- प्रत्येक फाट्यावर मागे वळून बघा. परतताना वाट अशीच दिसणार असते.
- धुकं येण्याआधी दिसणारी दोन ओळखीची शिखरं होकायंत्राने बघा आणि नकाशाशी ताडून पाहा. ठिपका, दिशा आणि उंची तिन्ही जुळली तरच पुढे.
- धुक्यात दिशा धरून चालायचं असेल तर बाणाकडे बघत चालू नका. त्या दिशेला दिसणारं एखादं झाड किंवा दगड निवडा, तिथपर्यंत जा, मग पुढचं निवडा. काहीच दिसत नसेल तर बसून राहा.
- पायथ्याच्या गावात कुठून जाणार, कधी परतणार हे सांगा. वाट नवी असेल तर वाटाड्या घ्या. ढोरवाट कुठली आणि ओढा कधी फुगतो, हे त्याला कुठल्याही ॲपआधी कळतं.

घड्याळ घेऊच नका, असं अजिबात नाही. पूर्वी वाट चुकलेल्याला नसलेली बरीच माहिती ते तुम्हाला देतं. पण तिन्ही आकडे एकमेकांशी, नकाशाशी आणि समोरच्या डोंगराशी जुळतात का, हे बघण्याचं काम तुमचंच आहे. जुळत नसतील तर एक पाऊलही पुढे टाकू नका. जिथे सगळं शेवटचं जुळलं होतं, तिथपर्यंत आल्या वाटेने मागे या.