द्राविडी प्राणायामाची चित्रशाळा

दिवाळीत कुणाला टाकून बोलू नये, असा आमच्या घरचा दंडक आहे. पण परवा फराळाच्या ताटातला शेवेचा गुंता पाहिला आणि मला गेल्या वर्षीच्या एका शालेय प्रदर्शनातला तक्ता आठवला. आता बोलल्यावाचून राहवत नाही. वाचकांनी चकली खाता खाता ऐकावे, म्हणजे माझा कडवटपणा फारसा जाणवणार नाही.

विषय आहे चित्रांतून प्रोग्रॅम लिहिण्याचा. ही विद्या कालपरवाची नव्हे. अमेरिकेत टेक्सासमधल्या एका कंपनीने १९८६ साली लॅबव्ह्यू नावाची सोय काढली. तीत संगणकाला अक्षरांत आज्ञा द्यायच्या नाहीत. पडद्यावर चौकोन मांडायचे आणि ते तारांनी जोडायचे. तारांतून आकडे वाहतात आणि चौकोन त्यांवर काम करतात. पुढे २००७ साली एमआयटीने मुलांसाठी स्क्रॅच काढले. त्यात रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवले की मांजर चालू लागते. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने प्रोग्रॅमिंग माध्यमिक वर्गांच्याही आधी, सहावीपासून आणण्याचे म्हटले आणि घरोघर ठोकळे पोहोचले. यात वाईट काही नाही. मीही पोटापाण्यासाठी अनेक वर्षे असल्याच तारा ओढल्या आहेत.

माझे भांडण आहे ते एका समजुतीशी. चित्र आले म्हणजे विचार आपोआप सोपा झाला, अशी ही समजूत आहे. छे! गुंता अक्षरांत असला तर निदान वाचताना कंटाळा येऊन माणूस थांबतो. चित्रात असला की तो भिंतीवर लावावासा वाटतो.

मी पाहिलेला एक मासला सांगतो. एखादी संख्या ऋण आहे की नाही, एवढेच ठरवायचे होते. 'शून्याहून लहान आहे का?' असे विचारणारा एक चौकोन पुरे. पण कर्त्याने काय करावे? त्याने त्या संख्येचे अक्षरांत रूपांतर केले. मग त्यातले पहिले अक्षर सुटे काढले. ते वजाचे चिन्ह आहे काय, हे तपासले. उत्तर 'होय' आले, तर ते एका पेटीत घातले; त्या पेटीचे काम एवढेच, की 'होय' आत आले तर बाहेर 'होय' द्यायचे आणि 'नाही' आले तर 'नाही'. आणि हे सगळे एका चक्रात बसवले होते, जे बरोबर एकदाच फिरत असे! उजवा हात मानेमागून आणून नाक धरायचे, याला आपल्याकडे द्राविडी प्राणायाम म्हणतात. (बिचाऱ्या द्रविडांचा यात काय अपराध, कोण जाणे.) इथे तर नाक धरण्याआधी हात शेजाऱ्याच्या घरी जाऊन आला होता.

हसू नका, मीही हे केलेले आहे. एका कारखान्यातल्या चाचणीयंत्रासाठी मी असेच एक चित्र काढले होते. ते पाहायला पडदा चार वेळा बाजूला सरकवावा लागे. पाहुणे आले की साहेब त्यांना मुद्दाम ते दाखवीत आणि मी विनयाने मान खाली घालीत असे. सहा महिन्यांनी यंत्र अडले, तेव्हा ती तार कुठून निघाली आणि कुठे गेली, हे मलाच उमगेना. रात्री दोनपर्यंत मी माझ्याच हस्ताक्षरातला मोडीचा कागद वाचावा तसा बसलो होतो. त्या रात्रीपासून मोठ्या चित्राबद्दलचा माझा आदर संपला.

या प्रकाराला इंग्रजीत रूब गोल्डबर्गचे नाव देतात. हा अमेरिकन व्यंगचित्रकार (१८८३–१९७०) मुळात शिकलेला इंजिनीयर, आणि काही काळ सॅन फ्रान्सिस्कोच्या पाणी व सांडपाणी खात्यात नोकरीला होता. पुढे त्याने अचाट यंत्रे काढली. १९३१ सालच्या एका चित्रात सूप पिणाऱ्याने चमचा उचलला की दोरी ओढली जाते, बिस्किट उडते, पोपट त्यावर झेप घेतो, दाणे सांडतात, बाण पेटतो, विळा दोरी कापतो आणि अखेर हातरुमाल तोंड पुसतो. पण हा गृहस्थ विनोद करीत होता, हे सगळ्यांना ठाऊक होते. त्याला 'उत्कृष्ट हातरुमाल' म्हणून कुणी ढाल दिली नाही. आमच्याकडे मात्र ढाल मिळते!

आता तो तक्ता. प्रदर्शन पुण्यातल्या एका शाळेतले. शाळेचे नाव सांगत नाही, कारण अशा शाळा पुष्कळ आहेत. विषय होता पाण्याच्या टाकीचा पंप. पाणी वीस टक्क्यांवर उतरले की पंप सुरू व्हावा, नव्वदवर गेले की बंद व्हावा, मधे असेल तर आहे तसाच राहावा. माझ्या भाचीने दोन अटी लिहिल्या, त्यांना सतत फिरणाऱ्या एका चक्रात ठेवले आणि काम झाले. तिचा कागद पोस्टकार्डाएवढा. पहिला नंबर आला तो शेजारच्या टेबलावरच्या मुलाचा. त्याने पाणी एक टक्का असेल तर काय, दोन टक्के असेल तर काय, असे शंभरापर्यंत शंभर ठोकळे लावले होते. तक्ता छतापासून जमिनीपर्यंत. परीक्षक दोन पावले मागे सरून पाहत होते, जणू अजिंठ्याला आले आहेत.

मी मुलाला विचारले, "बाळ, पाणी साडेनव्वद टक्के झाले तर?"

तो गडबडला नाही. म्हणाला, "मग पंप बंद होत नाही, काका. पण साडेनव्वद येऊ द्यायचंच नाही."

मग हळू आवाजात म्हणाला, "माझं आधी लहानच होतं. पण सर म्हणाले, मोठं दिसायला हवं."

माझा राग त्या पोरावर नाही. त्याला बरोबर सुचले होते. त्याच्या हातून ते काढून घेतले गेले. आणि माझी भाची? घरी येताना रिक्षात ती म्हणाली, "मामा, पुढच्या वर्षी मी दोनशे ठोकळे लावते." बक्षिसाने दोन मुलांना एकाच दिवशी एकच गोष्ट शिकवली, आणि ती खोटी होती. याला प्रोग्रॅमिंगचे शिक्षण म्हणायचे असेल, तर रांगोळीला भूमिती म्हणायला हरकत नाही.

कुणी म्हणेल, लहान मुलांना उत्तेजन द्यावे, एवढी चिकित्सा कशाला? उत्तेजन जरूर द्या. पण कशाला देता, ते पाहाल की नाही? निबंधात एकच वाक्य शंभरदा लिहिणाऱ्याला तुम्ही पहिला नंबर देता काय?

ज्यांना या विद्येचे मर्म पाहायचे असेल, त्यांनी आषाढात तोरण्याच्या पायथ्याचे वेल्हे ओलांडून केळदच्या वाटेवर पासलीला जावे. तिथे उतारावर भाताची खाचरे एकाखाली एक आहेत. वरचे खाचर भरले की बांधाला पाडलेल्या तोंडातून पाणी खालच्यात उतरते. लॅबव्ह्यूचा चौकोनही असाच आहे: त्याच्याकडे येणाऱ्या सगळ्या तारांतून माल पोहोचला, की मगच तो काम करतो आणि पुढे सोडतो. फरक एवढाच, की तिथे पाणी उगीच फिरवून आणायचे म्हटले, तर बांध स्वतः चिखलात उभे राहून घालावा लागतो. तिथल्या माझ्या एका शेतकरी स्नेह्यांना मी त्या तक्त्याचा फोटो दाखवला. त्यांनी चष्मा वर सरकवून बराच वेळ पाहिला आणि विचारले, "एवढे बांध घातले, मग भात कुठं लावलाय?"

दिवाळीनंतर शाळांची प्रदर्शने पुन्हा भरतील. परीक्षकांना माझी एकच विनंती आहे. तक्त्यासमोर उभे राहिलात, की त्यातला कुठलाही एक ठोकळा बोटाने झाका आणि मुलाला विचारा, हा नसला तर काय बिघडेल? 'काहीच नाही' असे उत्तर आले, तर त्याला तो तिथेच काढू द्या.

प्रदर्शन संपल्यावर त्या मुलाबरोबर मी हेच केले. ठोकळे एकेक उतरवत त्याने दोनच अटी ठेवल्या. पाणी साडेनव्वदवर नेले, पंप बंद झाला. पोरगे क्षणभर खूश झाले. मग उघड्या पडलेल्या भिंतीकडे पाहून त्याने काळजीने विचारले, "काका, आता इथं काय चिकटवू?"